तथा बेगारी आदि

"महाराष्ट्र में ये कौन लोग होते हैं?" ग्रंथपालानं माझं कार्ड हातात धरून, आडनाव वाचून विचारलं.

"बौद्ध," मी म्हणाले.

"उसके पहले क्या थे?"

वाचनकक्षात सात-आठ माणसं होती. एकानं मान वर केली. मी सांगितलं. ग्रंथपालानं कार्ड टेबलावर ठेवलं. माझ्या हातात दिलं नाही.

मी जयपूरला इतिहासात एम.ए. करत होते. तिथल्या जुन्या दरबारी कागदांचा हिंदी अनुवाद मागायला गेले होते. भिंती, तलाव बांधायला बेगारीवर, म्हणजे वेठीला धरून फुकट, कोण राबलं, ते मला शोधायचं होतं. मूळ कागद मला वाचता येत नव्हते. मोडीसारखी एकमेकांत अडकलेली अक्षरं.

"वो रिसर्च वालों के लिए है. आप भर्ती परीक्षा की गाइड ले जाइए. आप लोगों का तो हो ही जाता है."

मी गाइड घेतली. सही केली. थँक यू पण म्हणाले.

घरी, खातीपुऱ्याला रेल्वेच्या क्वार्टरमध्ये, बाबा जेवत होते. बाबा ट्रॅकमन. मी सगळं सांगितलं.

"मंग तू काय म्हणली?"

"काही नाही."

त्यांनी भाकरी मोडली. खाली बघून म्हणाले, "मी पण काही म्हणत नव्हतो."

मला रडू आलं नाही. नुसतं कळलं, की हे गप्प राहणं मला घरातूनच आलंय.

दुसऱ्या दिवशी गाइड परत केली. अर्ज पुढे ठेवला. "किताब नहीं देनी है तो कारण लिखकर दीजिए."

"इसकी क्या ज़रूरत है?"

"लिखकर दीजिए."

त्यानं लिहिलं नाही. अर्ध्या तासानं अनुवादाचा खंड आला.

एका भिंतीच्या कामाचा कागद होता. कारभाऱ्याचं नाव, बापाच्या नावासकट. मिस्त्र्यांची नावं. शेवटी अनुवादकानं लिहिलेलं, 'तथा बेगारी आदि', म्हणजे आणि वेठीचे मजूर वगैरे. शेजारच्या पानावर मूळ कागदाचा फोटो. मिस्त्र्यांच्या नावांखाली चार भरगच्च ओळी. अनुवादात त्यांचे तीन शब्द झाले होते.

मी खंड काउंटरवर नेला. विचारलं, ही लिपी कोण शिकवतं.

"सालों लग जाएँगे," तो म्हणाला.

लागू देत. बगरू गावचे एक म्हातारे मुनीम आहेत, त्यांच्याकडे दर रविवारी शिकायला जाते. अजून अर्धं पानही धड वाचता येत नाही. पण त्या चार ओळी मीच वाचणार. त्यांत नावं असतील तर एकूण एक लिहीन. नसतील तर नाहीत, असंही लिहीन. 'आदि' लिहिणार नाही.