डावा खांदा

ताई वाडीच्या एका ट्रान्सपोर्ट ऑफिसात मालाच्या पावत्या, म्हणजे बिल्ट्या, लिहायच्या आणि रोज सकाळी कामाआधी आमच्या रेंजवर एअर रायफलचा सराव करायच्या. चाळिशीच्या, बोलायला मोकळ्या. नेम धरला की मात्र शेजारी कोणी शिंकलं तरी त्यांना कळत नसे.

दोन वर्षांपूर्वी गोदामात खोक्याची लोखंडी पट्टी तुटून त्यांच्या उजव्या डोळ्याला लागली. डोळा राहिला, नजर गेली. नेम त्या त्याच डोळ्याने धरायच्या. आम्हाला वाटलं, बाईंचं नेमबाजीचं आता संपलं.

सहा महिन्यांनी त्या परत आल्या आणि डाव्या डोळ्याने नेम धरता यावा म्हणून रायफल डाव्या खांद्याला लावली. पहिल्या दिवशी दहा छऱ्यांपैकी चार कागदालाही लागले नाहीत.

"ताई, फाडून टाका तो कागद," मी म्हणालो.

"काहून?" त्यांनी तारीख घालून तो फळ्यावर टाचला. तिथं आम्ही फक्त आपापले उत्तम कागद लावायचो. येणारेजाणारे थांबून बघायचे आणि ओशाळायचो मी. त्या मात्र पलीकडे छर्रा न भरता अर्धा-अर्धा तास नुसती रायफल धरून उभ्या असायच्या.

यंदा त्या जिल्हा स्पर्धेत उतरल्या. पूर्वी पहिल्या तिघांत असायच्या, आता अकराव्या आल्या. मी निकालाच्या यादीपाशीच उभा राहिलो.

"तोंड पाडून काहून उभा आहेस गा?" त्या हसत म्हणाल्या. "डाव्या खांद्याले दीडच वर्ष झालं. उजव्याले इथवर याले सहा वर्षं लागले होते."