एकाच नावाची चौकशी

चुलतभावाचा कॅनडाच्या नागरिकत्वाचा अर्ज अडकला हे कळलं तेव्हा मी पाटोद्याच्या माझ्या दुकानात पाण्याच्या एका जळालेल्या मोटारीत तांब्याची तार भरत बसलो होतो, आणि खरं सांगतो, मला बरं वाटलं. वाईट वाटल्यासारखा आवाज काढला मी फोनवर. "आरारा, असं कसं झालं?" म्हणालो. पण त्या दिवशी मोटार इतक्या झोकात भरली की गिऱ्हाईक म्हणालं, मिस्त्री आज खुशीत दिसतात.

अडकला होता तो चौकशीत. तिकडे नागरिकत्व द्यायच्या आधी माणसाची सगळी मागची चौकशी करतात. कुठे राहिला, काय केलं, कुठल्या पोलीस ठाण्यात नाव आहे का. मधे चुलते, म्हणजे त्याचे वडील, वारले तेव्हा तो इकडे येऊन सात महिने राहिला होता, म्हणून आपल्याकडच्या पोलिसांचा दाखला पण त्याला मागितला होता. तो कागद बीडला आला, बीडहून आमच्या ठाण्यात आला, आणि ठाण्यातल्या कॉम्प्युटरने सांगितलं की या नावाच्या, या गावच्या, या वयाच्या माणसावर गुन्हा दाखल होता.

होताच. तो माणूस मी.

आता हे कसं झालं ते सांगायला आमच्या आजोबांच्या मरणापासून सुरुवात करावी लागते. शिरूर कासार तालुक्यातलं आमचं गाव. आजोबा वारले तेव्हा थोरल्या सुनेला, म्हणजे माझ्या आईला, सातवा महिना होता आणि धाकट्या सुनेला, म्हणजे काकूला, सहावा. दोन्ही घरांत मुलगे झाले. गेलेल्या माणसाचं नाव नातवाला ठेवायचं ही आमच्याकडची रीतच, पण कुठल्या नातवाला, यावरून दोन भावांत जुंपली. माघार कुणीच घेतली नाही. दोघांनी आपापल्या पोराच्या पाळण्यात तेच नाव घातलं आणि महिनाभर एकमेकांशी बोलले नाहीत. मग गावाने तोडगा काढला. मी 'थोरल्या घरचा' आणि तो 'धाकल्या घरचा'. ते नाव मी इथे लिहीत नाही. कुणाचं म्हणून लिहू?

पुढची कामगिरी हेडमास्तरांची. आमच्याकडची माणसं दिवाळीनंतर ऊसतोडीला जायची ती उन्हाळ्यात परत यायची, आणि शाळा उघडली की पोरांची नावं घालायची. जन्मतारीख कुणाला माहीत? आई म्हणायची, ज्वारी काढायला आली होती तेव्हा. हेडमास्तर शांतपणे एक जून लिहायचे. आमचा अख्खा वर्ग एक जूनचा. त्यामुळे आम्हा दोघांचं नाव एक, आडनाव एक, गाव एक, जन्मतारीख एक. फरक बापाच्या नावाचा, आणि पोलिसांच्या यादीत नेमकं तेच लिहायचं राहिलं होतं.

गुन्हा काय, तर रस्ता रोको. गावाला पाण्याचा टँकर मिळत नव्हता, त्या उन्हाळ्यात आम्ही पोरांनी डांबरी रस्त्यावर टायर पेटवलं. तो पुण्याला इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला होता, सुट्टीला आला होता. टायर त्याने आणलं. पंक्चरच्या दुकानापासून लोटत, नाचवत आणलं, आणि काडी मी ओढली. पोलिसांची गाडी आली तशी सगळी पांगली. मी आणि तो नदीच्या कोरड्या पात्रातून पळत होतो, आणि माझ्या लक्षात आलं की डाव्या पायात चप्पल नाही. नवीन होती, पाटोद्याच्या बाजारातली, आठ दिवसांची. मी म्हणालो, "थांब, चप्पल घेऊन येतो." तो म्हणाला, "मर बे तिकडं," आणि पळाला. मी चपलेसाठी मागे फिरलो आणि हवालदाराच्या हातात सापडलो.

चप्पल काही मिळाली नाही.

दोन वर्षांनी मी पोलीस भरतीत उतरलो. धावण्यात पहिल्या पाचांत आलो, लेखीत पास झालो, यादीत नाव लागलं. आईने गावात पेढे वाटले. मग चारित्र्य पडताळणी आली. तो अर्ज हातात धरून मी दोन दिवस बसलो होतो. आपल्यावर कधी गुन्हा दाखल झाला आहे काय? मी 'होय' लिहिलं, आणि नाव यादीतून कटलं. केस नऊ वर्षं चालली. निर्दोष सुटलो तोवर भरतीचं वय निघून गेलं होतं. मी मोटारी भरायला शिकलो आणि तो विमानात बसला.

सांगायचा मुद्दा, त्याचं चांगलं झालं म्हणून माझं पोट दुखतं असं लोक म्हणतात, ते खरं आहे. लई दुखतं. त्याने बर्फात उभं राहून काढलेले फोटो पाठवले की दुखतं. काकूच्या घरी पाणी शुद्ध करायचं मशीन आलं तेव्हा दुखलं, आणि ते बसवायला मलाच बोलावलं तेव्हा जास्त दुखलं. माझी बायको म्हणते, "तुमच्या हातात पाना असला की तुमी बरे असता, मोबाईल आला की तोंड कडू." तिचं बरोबर आहे.

अर्ज अडकल्यापासून तो दर रविवारी मला त्याच्या अर्जाच्या पानाचा फोटो पाठवायचा. बाकी सगळ्या पायऱ्यांपुढे हिरव्या खुणा, चौकशीपुढे मात्र 'चालू आहे'. दर रविवारी तेच. मी त्या फोटोची वाट बघायला लागलो. चहा घेऊन बसायचो, फोटो उघडायचो, 'चालू आहे' बघायचो, आणि माझा रविवार छान जायचा. मी एकदा नापास झालो त्याच परीक्षेत तो बसला होता, आणि त्याचाही पेपर अवघड निघाला होता. एवढं सुख मला कुठल्या सणाला मिळालं नव्हतं.

मग ठाण्यातून हवालदाराचा फोन आला. सरळ माणूस होता. म्हणाला, "मिस्त्री, आधार कार्ड आणि कोर्टाचा निकाल घेऊन या. गुन्ह्यातला माणूस तुमी हायत, त्यो न्हाई, एवढा जबाब द्या. एका सहीचं काम हाय." मी म्हणालो, उद्या येतो.

उद्या मी गेलो नाही. परवाही नाही. पहिल्या दिवशी खरंच काम होतं. दुसऱ्या दिवसापासून मी काम शोधायला लागलो. कधीपासून कोपऱ्यात पडलेल्या, मालक विसरून गेलेल्या मोटारी काढून भरल्या. चुलतभावाचे फोन यायला लागले. एरवी तो मला 'काय बे' म्हणतो, आता दादा म्हणायला लागला. मी त्याच्यापेक्षा महिन्याने मोठा आहे हे त्याला इतक्या वर्षांत पहिल्यांदा आठवलं. "दादा, तेवढं बघ ना. मला इथून हलता येईना. मधेच शपथेला बोलावलं आणि मी भारतात असलो तर सगळं बोंबलंल. काम उरकलं की आईकडंच येतो." मी म्हणायचो, "बघतो रे, सीझन चालू आहे." हे मला लई गोड लागायचं. जन्मात पहिल्यांदा तो माझ्या दारात उभा होता, सात समुद्रापलीकडून का होईना.

अठराव्या दिवशी काकू आली. एसटीने, एकटी, धपाटे बांधून. दुकानाची पायरी चढताना तिने आधी पायाने चाचपलं, मग हाताने शटरची कड धरली, आणि माझ्याऐवजी दुकानात बसलेल्या गिऱ्हाइकाच्या हातात डबा दिला. "खा लेकरा," म्हणाली त्याला.

मी उठून तिचा हात धरला. "काकू, इकडं हाय मी. डोळं इतकं कधी गेलं?"

"दोन्ही मोतीबिंदू पिकल्यात म्हनं."

"मग ऑपरेशन कावून करीनास? बीडला फुकट करतेत."

"त्यो आला की करीन. त्याला बघायला तर डोळं पायजेत. त्यो यायच्या आदी उघडून काय बघू, भिंती?"

ती अर्जाचं काही बोलली नाही. तिला माहीत होतं की नाही, मला आजही ठाऊक नाही. आई ऊसतोडीला जायची त्या हंगामात ही काकू गावात राहायची, मला आणि त्याला एका ताटात जेवायला घालायची, आणि ताट अर्धं-अर्धं वाटताना माझ्याकडच्या बाजूला बोटाने थोडं जास्त सरकवायची, कारण माझी आई जवळ नसायची. मला ते तेव्हाही दिसायचं. त्याला पण दिसायचं, आणि तो जळायचा. काकू गावी परतल्यावर मी शटर खाली ओढलं आणि ठाण्यात गेलो.

हवालदार माझ्याच वयाचा होता. कदाचित माझ्याच भरतीतला. त्याच्या खुर्चीकडे मी जरा जास्तच बघितलं असणार, कारण तो म्हणाला, "बसा ना, मिस्त्री." त्याने निकाल वाचला, आधार कार्ड पाहिलं, आणि जबाब लिहायला घेतला. सदर गुन्ह्यातील इसम मी स्वतः असून, वगैरे. मग पेन थांबवून विचारलं, "आता शेवटचं. त्या दिवशी तुमचा चुलतभाऊ तिथं हजर होता का?"

खरं बोलायला एक शब्द पुरे होता. होता. टायर त्यानेच आणलं, साहेब. पुढे त्याचं काय झालं असतं कोण जाणे, पण कागद परत बीडला गेला असता आणि त्याचे आणखी किती रविवार 'चालू आहे' मधे गेले असते. शब्द माझ्या जिभेवर आला होता.

"न्हाई साहेब," मी म्हणालो. "त्यो पुण्याला होता."

काकूसाठी म्हणालो, हे अर्धं खरं. उरलेलं अर्धं मला ठाण्याबाहेर गाडीला किक मारताना कळलं. त्याच्याकडे माझ्यापेक्षा सगळंच जास्त होतं. फक्त तो गुन्हा तेवढा माझा एकट्याचा होता. त्यासाठी मी नऊ वर्षं कोर्टाच्या पायऱ्या झिजवल्या होत्या, वर्दी घालवली होती. त्यातही त्याला वाटा द्यायचं माझ्या जिवावर आलं.

संध्याकाळी त्याला फोन केला. "जबाब दिला," म्हणालो. "तू त्या दिवशी तिथं नव्हतास म्हणून सांगितलं."

"थँक्यू दादा," तो म्हणाला. मग अगदी सरळ आवाजात, "पण मी नव्हतोच ना तिथं?"

त्याला खरंच आठवत नव्हतं. टायर, नदीचं पात्र, 'मर बे तिकडं', काहीच नाही. मी ज्याच्यावर सतरा वर्षं जळत होतो, त्याच्या डोक्यातून ती दुपार कधीच पुसून गेली होती. "नव्हतास," मी म्हणालो, आणि फोन ठेवला. त्या रात्री मला जेवण गेलं नाही. बायकोने विचारलं, तिला सांगितलं की धपाटे जास्त झाले.

चार महिन्यांनी चौकशीपुढे हिरवी खूण आली. मग शपथ झाली आणि एका दुपारी त्याने प्रमाणपत्र पाठवलं, मला, काकूला वाचून दाखव म्हणून. मी गावी गेलो. काकू अंगणात बाजेवर बसली होती. त्याची यायची तिकिटं निघाली होती, तिच्या डोळ्यांची तारीखही ठरली होती, पण अजून तिला माणसाचा नुसता आकार दिसायचा.

"वाच," ती म्हणाली.

मी दोन बोटांनी कागद मोठा केला. वर राजमुद्रा, खाली एक नंबर, आणि मधे नाव. बापाचं नाव नव्हतंच. फक्त आम्हा दोघांचं ते नाव आणि आडनाव, त्याखाली जन्मतारीख, एक जून. मी वाचलं. ही व्यक्ती कॅनडाची नागरिक आहे, असं मराठीत करून सांगितलं.

"फोटू कसा आलाय रं त्याचा?"

मी कागद वरपासून खालपर्यंत परत पाहिला. "फोटू न्हाई काकू ह्याच्यावर. नुसतं नाव हाय."

तिने मोबाईल हातात घेतला, डोळ्यांशी नेला, काही दिसलं नाही तसा परत माझ्याकडे दिला. "आजून एकदा वाच बरं."

मी वाचलं. दुसऱ्या वेळी नावापाशी आल्यावर माझा आवाज चढला, इतका की शेजारची बाई दारात येऊन बघायला लागली.