चष्मेवाल्यांचं जहाज

चष्मेवाले काका उभ्या आयुष्यात एकच प्रश्न विचारत आले. "पहिलं बरं दिसतं की दुसरं?" दुकानामागच्या अंधाऱ्या खोलीत गिऱ्हाइकाच्या नाकावर ती जड गोल फ्रेम चढवायची, एक काच काढून दुसरी सरकवायची आणि हे विचारायचं. गिऱ्हाईक बिचारं तोंडी परीक्षेला बसल्यासारखं अंग चोरायचं आणि शेवटी कबूल करायचं, "काका, दोन्ही सारखंच दिसतंय हो." काका खूश. "शाब्बास! दोन्ही सारखं दिसलं की नंबर सापडला म्हणून समजा."

पण त्यांच्यावर स्वतः दोहोंतलं एक निवडायची वेळ आली, की त्यांची पार तारांबळ उडायची. शिंप्यानं सदऱ्याला खिसा एक की दोन असं विचारलं, की यांचं उत्तर ठरलेलं, "घरी विचारून सांगतो." रंगाऱ्यानं भिंतीचा रंग विचारला, "घरी विचारून सांगतो." शेजारी म्हणायचे, यांना आज वार कोणता असं विचारलं, तरी घरी विचारूनच सांगतील.

घरी म्हणजे काकू. काकूंना कुठलीही गोष्ट निवडायला अर्धं मिनिट पुरायचं. ते अर्धं मिनिटही, त्या म्हणायच्या, तुमचा मान राखायला घेते.

अशा या काकू एकाच बाबतीत अकरा वर्षं अडून बसल्या होत्या. झालं असं, की कुणी गिऱ्हाईक दुकानात एक गुळगुळीत माहितीपत्रक विसरून गेलं. त्यात निळ्या समुद्रावर पांढरं शुभ्र जहाज. काकूंनी ते चहाच्या कपाखाली घ्यायला म्हणून घरी नेलं आणि संध्याकाळी जाहीर केलं, "आपण जायचं." काकांनी नेहमीप्रमाणे मान डोलावली. इथपर्यंत ठीक होतं. पण पुढच्याच गुरुवारी, दुकान बंद असतं म्हणून, दोघं बसनं शहराच्या दुसऱ्या टोकाच्या पर्यटन कचेरीत गेली आणि तिथे कळलं, की जहाजं दोन जातींची असतात.

कचेरी दुसऱ्या मजल्यावर. खिडकीजवळच्या टेबलामागे एक तिशीची मुलगी बसायची. तिच्या टेबलावर जहाजांच्या दोन प्रतिकृती होत्या. एक हातभर लांब, खिडक्यांनी खचाखच भरलेली. दुसरी वीतभर. घरात तिचं नाव पडलं जहाजवाली.

"हे मोठं," जहाजवालीनं समजावलं. "तीन हजार माणसं. अकरा जेवणघरं, नाटकगृह, पोहायचे तलाव, घसरगुंडीसुद्धा. कंटाळा येणार नाही याची हमी. आणि हे छोटं. नव्वद माणसं फक्त. भाडं दुपटीहून जास्त, पण खाणंपिणं, सहली सगळं त्यातच आलं. मोठं जहाज जिथे शिरूच शकत नाही अशा छोट्या बंदरांत हे जातं. दुसऱ्या दिवसापासून वाढपी तुम्हाला नावानं हाक मारतात."

आणि आयुष्यात पहिल्यांदाच काका घरी न विचारता बोलले. "छोटं."

काकूंनी वळून त्यांच्याकडे असं पाहिलं, जणू कपाट बोललं होतं. "मोठं," त्या म्हणाल्या.

"अगं, गर्दीतून सुटायला जायचं, तर गर्दी बरोबर कशाला न्यायची?"

"आणि छोट्यावर एखाद्याशी नाही पटलं तर? आठ दिवस सकाळ-संध्याकाळ तेच तोंड समोर! ते मी घरी फुकट बघतेच आहे."

जहाजवाली इतकी हसली, की तिचा चष्मा नाकावरून घसरला. काकांनी तिथल्या तिथे खिशातला बारका स्क्रू-ड्रायव्हर काढून त्याची काडी घट्ट करून दिली. त्या दिवसापासून तिचे चष्मे काकांकडचे, आणि गुरुवार तिच्याकडचा.

अकरा वर्षं हा वाद चालला. अधूनमधून मुलीचं लग्न आलं, दुकानातलं नवं यंत्र आलं, काकूंचे गुडघे आले. दर वर्षी जहाजं निघून गेली. खरं सांगायचं तर दोघांना घाई नव्हती. बसमध्ये भांडत जायचं, जहाजवालीसमोर दोघांनी आपापली बाजू मांडायची, भांडत परत यायचं. लोक सिनेमाला जातात, ही दोघं जहाजांना जायची.

मग काकूंना दम लागायला लागला. आधी जिन्यावर, मग सपाटीवर, मग नुसतं बोलताना. काकू दवाखान्यात, आणि गुरुवारी काका एकटे कचेरीत, कारण नवीन माहितीपत्रकं घेऊन या असा हुकूम सुटला होता. जहाजवालीनं विचारलं तेव्हा काका म्हणाले, "गुडघे." गुडघे दुखायचेच, त्यामुळे ते पूर्ण खोटंही नव्हतं.

शेवटच्या आठवड्यात काकू उशीला टेकून म्हणाल्या, "जाऊ दे. तुमचं छोटंच घेऊ."

नेमके काकाही त्याच दिवशी वाटेत ठरवून आले होते. "छे, छे, मोठंच घ्यायचं. तुला माणसं लागतात."

"मी छोटं म्हणतेय ना!"

"आणि मी मोठं म्हणतोय!"

परिचारिका आत येऊन दोघांवर ओरडली. त्या दोघांचं ते शेवटचं भांडण. त्यात दोघांनी बाजू बदलल्या होत्या, एवढंच.

काकू गेल्या. मुलगी आली, पंधरा दिवस राहिली, "बाबा, माझ्याकडे चला," म्हणाली. काका म्हणाले, "घरी विचारून..." आणि पुढचं वाक्य दोघांनीही ऐकलं नाही असं दाखवलं.

त्यानंतरच्या गुरुवारी काका बसनं कचेरीत गेले ते सांगायलाच. जिना चढताना वाक्यही जुळवलं होतं. पण दारातून आत पाऊल टाकताच जहाजवालीनं मान वर केली. "या काका! काकू काय म्हणतात?"

काकांचं तोंड उघडलं आणि त्यातून आलं, "मोठंच हवं म्हणतात."

"सोडणार नाहीत त्या!" जहाजवाली हसली.

जिना उतरताना काकांना फार दिवसांनी भूक लागली.

गल्लीतल्या वाण्याला माहीत होतं, शिंप्याला माहीत होतं, दुकानात येणारं प्रत्येक गिऱ्हाईक आवाज खाली करून बोलायचं. साऱ्या शहरात या एकाच टेबलापाशी काकू अजून होत्या. दर गुरुवारी त्या काहीतरी म्हणायच्या. मोठ्यावर लिफ्ट किती आहेत विचारा म्हणाल्या. छोट्यावर नव्वद माणसांत एखादा तरी घोरणारा निघेल म्हणाल्या. काका आता त्यांची बाजू इतकी चोख मांडायचे, की स्वतःची बाजू त्यांना लंगडी वाटू लागली. मोठ्या जहाजाच्या कंपनीनं रुंद काठाची गवती टोपी भेट पाठवली, तेव्हा जहाजवालीनं ती मुद्दाम काकूंसाठी राखून ठेवली. काकांनी ती मांडीवर घेऊन घरी आणली आणि दाराच्या खुंटीला अडकवली.

"बसली का टोपी?" पुढच्या गुरुवारी तिनं विचारलं.

"जरा सैल होते म्हणाली."

असे नऊ महिने गेले. निवड केली की अर्ज भरायचा. अर्जावर प्रवाशांची नावं लिहायची. म्हणून काका निवडत नव्हते.

आणि मग एका गुरुवारी जहाजवाली म्हणाली, "काका, आता बास. वर्ष होत आलं काकूंना पाहून. त्यांना जिना चढवत नाही ना? मग मीच येते. पुढच्या गुरुवारी दोन्ही जहाजं पिशवीत घालून तुमच्या घरी. दोघांना समोरासमोर बसवते आणि निकाल लावते."

"अहो ताई, कशाला त्रास..."

"त्रास कसला? काकूंच्या हातचा चहा पिईन. अकरा वर्षं नुसतं बोलावतात."

तो आठवडा काकांचा कसा गेला ते दुकानाला ठाऊक. एका आजोबांना त्यांनी डाव्या डोळ्याची काच उजव्याला बसवून दिली. सबबी तर पुष्कळ सुचल्या. मुलीकडे गेली आहे सांगावं. झोपली आहे सांगावं. पण खुंटीवरच्या टोपीकडे नजर गेली, की प्रत्येक सबब अर्ध्यात तुटायची. ती बाई पिशवी घेऊन येणार, चपला काढणार आणि घरभर नजर फिरवून विचारणार, "कुठे आहेत?"

बुधवारी भर दुपारी काकांनी दुकानाला कुलूप लावलं. चाळीस वर्षांत बुधवारी कुलूप नव्हतं.

जहाजवालीनं त्यांना दारात पाहिलं आणि भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघितलं. "काका? आज बुधवार."

"हो." काका खुर्चीवर बसले. वाक्य जुळवलेलं होतं, पण समोर तिचा चेहरा होता. सगळं नीट बघणारा चेहरा. अंधाऱ्या खोलीत ते एक गोष्ट शिकले होते. चष्मा उतरवलेल्या माणसासमोर बोलणं सोपं जातं. कितीतरी गिऱ्हाइकांनी तिथे न विचारता मनातलं सांगून टाकलं होतं.

"चष्मा द्या जरा," ते म्हणाले. "काडी ढिली झालीय."

तिनं काढून दिला. तिचा नंबर त्यांना पाठ होता. या अंतरावरून तिला आता फक्त एक माणसाएवढा डाग दिसत असणार. काकांनी स्क्रू-ड्रायव्हर काढला आणि मान खाली घालून काडी आवळायला घेतली.

"उद्या तुम्ही येऊ नका."

"का? काकू रागावल्यात का?"

"ती घरी नसते. नऊ महिने झाले." स्क्रू केव्हाच बसला होता, तरी ते फिरवत राहिले. "दवाखान्यातून आलीच नाही. गुडघे नव्हते ते. छाती होती. मी पहिल्याच गुरुवारी सांगायला आलो होतो. तुम्ही विचारलंत, काकू काय म्हणतात, आणि... ती म्हणायला लागली."

काकांनी काचा रुमालानं पुसून चष्मा पुढे केला. तिनं घेतला, पण घातला नाही.

"मी टोपी पाठवली," ती म्हणाली. आवाजात रागच होता. "सैल होते म्हणालात. मी दुसरी मागवलीय, लहान मापाची. तुम्हाला काय वाटलं, तुमच्या एकट्याच्या होत्या त्या? माझ्या आईला बरं नव्हतं तेव्हा दर आठवड्याला कोण विचारायचं मला? नऊ महिने मी हसत बसले इथे. मला रडायला नको होतं का?"

हे काकांच्या ध्यानीमनी नव्हतं. आपण काकूंना इथे सांभाळून ठेवलंय, एवढंच त्यांना वाटत आलं होतं. दुसऱ्या कुणाच्या वाट्याचं काही आपण अडवून ठेवलंय, हे सुचलंच नाही. "चुकलं," ते म्हणाले. "घरी असती तर तिनं सांगितलं असतं मला."

जहाजवाली ओढणीत तोंड घालून रडली. काका दोन जहाजांकडे बघत बसून राहिले. शेवटी तिनं नाक पुसलं आणि चष्मा घातला.

"काय ठरलं होतं त्यांचं? शेवटी?"

"ती छोटं म्हणाली. मी मोठं म्हणालो."

ती ओल्या डोळ्यांनी हसली, मग दोन्ही प्रतिकृती पुढे सरकवून म्हणाली, "पहिलं की दुसरं?"

काकांनी पाहिलं. "दोन्ही सारखंच दिसतंय."

"मग मी खरं सांगते. एकटे जाणार असाल तर मोठंच घ्या. तीन हजारांत कुणाचं कुणाकडे लक्ष नसतं. छोट्यावर नव्वदच्या नव्वद जण विचारतील. रोज जेवताना. एकटेच आलात का? घरचं कुणी नाही? मग प्रत्येकाला सांगत बसावं लागेल."

काकांनी वीतभर जहाज उचलून तळहातावर ठेवलं. त्याच्या एवढ्याएवढ्याशा खिडक्यांवर धूळ साचली होती. सवयीनं त्यांनी ती रुमालानं पुसली.

"हे," ते म्हणाले. "विचारू देत."

तिनं खणातून अर्ज काढला. नावाच्या दोन रकान्यांपैकी एक भरला, दुसऱ्यावर आडवी रेघ मारली. रेघ मारताना ती थांबली नाही, फक्त सावकाश मारली.

"खोली खालच्या मजल्यावर की वरच्या?"

"घरी..." काकांच्या तोंडून निघून गेलं. पेन कागदावर थांबलं. तिनं मान वर केली नाही, घाईही केली नाही.

"खालची," काका म्हणाले. "जिना नको. गुडघे दुखतात."

कुणाचे, ते तिनं विचारलं नाही. तिनं लिहिलं, खालची.