राहात्यात जिलेबी कमी खपते

मिठाईच्या दुकानात मुंग्या आणि किस्से, दोन्ही न बोलावता येतात. मुंग्यांना खडूची रेघ मारून अडवता येतं, किस्से मात्र साठतच जातात!

राहात्यात आमचं दुकान बाळंतपणाच्या दवाखान्यांच्या गल्लीत. आमचे हे कढईपाशी, मी काउंटरवर. मुलगा झाला की पेढे वाटायचे आणि मुलगी झाली की जिलेबी, ही आपली रीत. जिलेबी मागणाऱ्याला मी हटकून विचारते, "कुणाला झाली मुलगी?" तेवढंच कौतुक! पण खरं सांगते, पेढ्यांचे ट्रे दुपारीच रिकामे होतात आणि जिलेबी संध्याकाळी आमच्याच घरी येते.

*

एकदा ह्यांनी घोळ घातला. कोल्हारच्या एका घरात नात झाली होती. जिलेबीची ऑर्डर होती, ह्यांनी सवयीनं पेढे भरले. बंद बॉक्स तसेच गावात घरोघर गेले.

दुसऱ्या दिवशी आजीबाई दुकानात हजर. "आवो, अख्खं गाव म्हनतंय वंशाला दिवा आला! आता मी लोकान्ला काय सांगू?"

मी म्हटलं, "सांगा की, मुलगी झाली."

"त्येच तर सांगायला जीभ उचलंना!"

गावातून पेढे परत घेऊन जिलेबी वाटायची मात्र त्यांना सवड झाली नाही.

*

माझ्या धाकट्या दिरांचं दुकान नगरला, एमआयडीसीच्या रस्त्यावर. तिथं गिऱ्हाईक म्हणजे नुसते पुरुष. कुणी कंपनीतला, कुणी कॅम्पातला जवान. दिवाळीत एकेक जण पावशेर मिठाई घेतो आणि बाकड्यावर बसून एकटाच खातो.

ते आमच्याकडं आले असताना मी एकदा चेष्टेनं म्हटलं, "काय भाऊजी, तुमच्या नगरात बायकांचा दुष्काळ आहे का?"

दीर हसले नाहीत. म्हणाले, "वहिनी, ही माणसं कामासाठी आलेली. ह्यांच्या बायका गावाकडं आहेत, सुट्टीत भेटतात. तुमच्या राहात्यातल्या मुली कुठल्या गावाला गेल्यात?"

मी विषय बदलला आणि त्यांना चहा टाकला.

*

कारखान्याच्या सीझनला पाथर्डीकडचा एक ऊसतोड्या आला. अंगावर पाचटाचे ओरखडे, पण तोंड हसरं. "जिलेबी द्या. पोरगी झाली!"

मला इतकं बरं वाटलं! दोन वेढे जास्तीच टाकले. म्हटलं, "दादा, तुमच्याकडं मुलीचा आनंद करतात हे बघून बरं वाटलं."

"व्हय की. चार वर्सांत बारकं पोर सांभाळंल, मोठी झाली की मोळ्या बांधंल. कारभारनीला लई आधार व्हतोय."

तो गेल्यावर हे कढईपाशी बसूनच म्हणाले, "गरिबाच्या पोटी मुली येतात, कारण आधी तपासून घ्यायला पैसा लागतो." खरंच, राहात्यात कालव्याचं पाणी आलं, बंगले झाले, दारात गाड्या आल्या, आणि मुली तिथंच कमी झाल्या. ह्यांचं बोलणं एरवी मी मनावर घेत नाही.

*

आता पारूमावशींचं सांगते. वस्तीवर त्यांची पेरूची बाग, एकुलता एक मुलगा संजय, चांगला कष्टाळू. पण पस्तिशी आली तरी लग्न जमेना. मावशी बाजाराला आल्या की आमच्या बाकड्यावर बसायच्या आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारायच्या, "पोरगी हाय का वो बघन्यात?" एकदा तर नुकत्याच जन्मलेल्या मुलीच्या बापालाच विचारलं! दुकान हसलं, मावशींच्या डोळ्यांत मात्र पाणी होतं.

एका ठिकाणी कांदेपोह्यांपर्यंत गोष्ट गेली. मुलगी बी.कॉम. झालेली, धीट. तिनं संजयला पगार नाही विचारला, फ्लॅट नाही विचारला. विचारलं, "तुमच्या वस्तीवर माझ्या वयाच्या किती जणी आहेत?"

संजय आठवत बसला. सगळे त्याचेच मित्र, सगळे बिनलग्नाचे.

"मग मी तिथं बोलायचं कुणाशी?" असं म्हणून ती पोह्यांच्या बशा उचलून आत गेली. तिचा नकार तिथंच कळला.

*

शेवटी पाथर्डीकडच्याच एका ऊसतोड्याची मुलगी मिळाली. रेखा. लग्नाचा सगळा खर्च मावशींनीच केला. लग्नानंतर तिला घेऊन दुकानात आल्या आणि म्हणाल्या, "पाच किलो जिलेबी बांध. सून न्हाई, लेक आली माज्या घरी!"

मला रडू आवरलं नाही. मावशींनी पहिली जिलेबी आपल्या हातानं रेखाच्या तोंडात घातली. ती लाजून हसली. वाटलं, हिला माहेर मिळालं.

पावसाळ्यानंतर मावशी पुन्हा आल्या. "रेखाला दिवस गेलेत," म्हणाल्या आणि गल्लीतल्या यच्चयावत माणसाला सांगून गेल्या. रेखाला चौथा महिना लागला तेव्हा तिला घेऊन मावशी आणि संजय गाडी करून बाहेर कुठं तरी गेले. कुठं, ते मावशींनी सांगितलं नाही. मीही विचारलं नाही.

परवा दोघी गल्लीत दिसल्या. मावशी एकट्याच काउंटरशी आल्या. "पोट पडलं गं पोरीचं. नशीब आपलं! फुडच्या खेपंला पेढंच नेते बघ तुज्याकडनं." आणि औषधं आणायला पलीकडच्या मेडिकलमध्ये गेल्या.

रेखा बाकड्यावर बसली होती. सासू मेडिकलमध्ये शिरलेली बघून उठली. भिंतीला धरत काउंटरपाशी आली. चेहरा पांढराफटक पडलेला.

"वहिनी, पावशेर जिलेबी द्या."

हाताला सवय असते तशी तोंडालाही असते. जिलेबी तराजूत टाकता टाकता मी विचारून गेले, "कुणाला झाली गं मुलगी?"

तिनं पुडा पदराखाली घेतला.

"मला," म्हणाली.