हर मदर

मॅडमनी हॉलमधल्या फळ्यावर वाक्य लिहिलं आणि खडू माझ्याकडे रोखला.

"हर मदर वर्क्स इन माय हाउस."

तिची आई माझ्या घरी काम करते. ती, म्हणजे मी. आई आत भांडी घासत होती.

"सब्जेक्ट कोण?"

"हर मदर!" सगळी मुलं ओरडली.

"प्रोनाउन?"

"हर! माय!"

"आणि फ्रेज?"

"इन माय हाउस!"

"व्हेरी गुड. परत म्हणा."

सगळे एका सुरात परत म्हणाले. मीसुद्धा.

आईला इंग्रजी येत नव्हती, पण 'मदर' एवढं कळायचं. ओले हात पदराला पुसत ती दारात आली आणि सगळ्यांकडे बघून हसली. तिला वाटलं, आपलं कौतुक चाललंय.

नव्वदनंतरची ती वर्षं. आम्ही घणसोली गावातले. मी मराठी शाळेत दहावीला. मॅडम गावालगत उठलेल्या नव्या सेक्टरमधल्या फ्लॅटमध्ये क्लास घ्यायच्या. बाकीची मुलं सोसायट्यांमधली, खुर्च्यांवर बसायची. मी स्वयंपाकघराच्या दाराशी, फरशीवर. आई तिथे कामाला, म्हणून मला क्लास फुकट. "उपकार हायेत बायचं," आई सारखी म्हणायची.

त्या दिवशी घरी जाताना तिने विचारलं, "काय बोलली गं ती बाय माज्याबद्दल?"

काय सांगणार? वाक्य खोटं नव्हतं. खोटं असतं तर भांडले असते. मी पावलं उचलली.

मॅडमना ते वाक्य फार आवडलं. भूतकाळ शिकवायचा, तर तेच. प्रश्न करायचा, तर तेच. नकार करायचा, तर तेच. प्रत्येक वेळी आई आत काम करत असायची आणि बाहेर तिची चिरफाड चालायची. शेवटी मुलांनी माझं नावच पाडलं. "ए हर मदर, सरक ना." मी सरकायचे.

क्लास सोडावा, रोज वाटायचं. पण ताई इंग्रजीतच नापास झाली होती आणि त्याच वर्षी बापाने तिचं लग्न उरकलं होतं. माझंही तेच झालं असतं. शिवाय मी सोडला तर मॅडम विचारणार, का? आणि आईचं काम जाणार. बसले तर अपमान. उठले तर सगळंच संपलं. मी फरशीकडे बघत बसायचे. त्या फरशीखाली आमच्या आजाचं भाताचं शेत होतं. बापाने मला इमारतीजवळ आणून, हात करून दाखवलं होतं.

एक दिवस मॅडम म्हणाल्या, "आज प्रत्येकाने स्वतःचं वाक्य करायचं. एक प्रोनाउन हवंच. आणि जागा सांगणारी फ्रेज."

कुणी म्हणालं, माझी सायकल गेटपाशी आहे. कुणी म्हणालं, माझे काका दुबईत राहतात. मग माझी पाळी आली. मॅडम हसल्या. "तुझं तर तयारच आहे. म्हण."

मी उभी राहिले.

"युवर हाउस स्टँड्स इन अवर फील्ड."

तुमचं घर आमच्या शेतात उभं आहे.

कुणी हसलं नाही. आतला नळ बंद झाला.

"कसलं शेत?" मॅडमचा आवाज चढला. "जमीन सरकारने घेतली. आम्ही रीतसर घर घेतलंय."

"वाक्य चुकलं का, मॅडम?"

"गेट आउट! उद्यापासून येऊ नकोस." मग आत बघून म्हणाल्या, "बाई, तुमच्या मुलीला फार तोंड फुटलंय."

आई बाहेर आली. माझा दंड धरून तिने मला जिन्यापर्यंत ओढत नेलं. "तुला कोनी सांगलं व्हतं बोलायला? काय बोललीस तू?"

तिथेच, पायरीवर बसून, मी तिला सगळं सांगितलं. माझं वाक्य. मॅडमचं वाक्य. एकेका शब्दाचा अर्थ.

आईने ओले हात पदराला पुसले. मग म्हणाली, "मंग मी दारात येऊन हसली कशाला?"



दुसऱ्या दिवशी ती परत त्याच घरी कामाला गेली. जावंच लागलं. मॅडमनी तिला ठेवून घेतलं. का, ते माहीत नाही. दया असेल, नाहीतर दुसरी बाई मिळाली नसेल. आई जिना चढत होती तेव्हा मी खाली उभी होते. मला वर जाता येत नव्हतं आणि तिला खाली आणता येत नव्हतं.

तिथेच मी ठरवलं. इंग्रजी सोडायची नाही. पण पुन्हा कुणाच्या दाराशी, फरशीवर बसून शिकायची नाही. नापास झाले तर पुन्हा परीक्षेला बसेन. बाप लग्न ठरवेल, तर मांडवात उभी राहणार नाही. आणि माझ्या आईबद्दल कुणी त्या भाषेत तोंड उघडलं, तर त्याच भाषेत, त्याच्याच हॉलमध्ये, सगळ्यांसमोर जबाब देईन. काय जायचं ते जाऊ दे.