पलीकडच्या टोकाचा गोल

अकरा वर्षं मी पगार घेऊन फुटबॉल खेळलो, तेही सगळं परगावी. सगळ्यात पुढं राहून गोल मारायचा, हेच माझं काम. आमच्या क्लबचा सामना औरंगाबादेत एकदाच झाला. बाबा मेंढरं भावकीवर सोपवून फुलंब्रीहून सकाळच्याच एसटीनं आले. मी कुठल्या जाळीत गोल मारणार, हे त्यांनी मला नीट विचारून घेतलं आणि त्याच जाळीमागं घोंगडी टाकून बसले. मध्यंतरानंतर बाजू बदलतात, हे सांगायचं मला सुचलं नाही. त्याचा राग अजून जात नाही.

मध्यंतराआधी माझे दोन फटके बाहेर गेले. दोन्ही वेळा बाबांनी कोकरू उचलावं तसा चेंडू उचलून दिला. नंतर मी गोल मारला, तो पलीकडच्या टोकाला. बाबा जागचे हलले नव्हते.

सामना संपल्यावर मी त्या जाळीमागं गेलो, तेव्हा त्यांनी विचारलं, "तिकडं लोक कामून वरडत व्हते?"

"मी गोल मारला, बाबा."

"आता पुढल्या टायमाला इकडं मार. मी इथंच बसतो."

त्याच वर्षी माझा गुडघा गेला आणि खेळ सुटला. बाबांनी आयुष्यात माझे दोनच फटके पाहिले. दोन्ही चुकलेले.