जूनमधलं माप

जंगलू उईके आमच्या विज्ञानगाडीचा ड्रायव्हर आणि मी त्या गाडीवरचा व्याख्याता. एक्क्याण्णव सालापासून पुढची बारा वर्षं आम्ही दोघं एका खटारा मेटॅडोरमधून शाळा-शाळा हिंडलो. आर्वी, आष्टी, समुद्रपूर, तिकडे थेट गडचिरोलीच्या आश्रमशाळांपर्यंत. एकदा निघालो की दोन-दोन महिने घराचं तोंड दिसत नसे. खरं सांगतो, मला त्या कामाचा वीट आला होता. तीच सूर्यमाला, तोच पडदा, तेच मुख्याध्यापकांचं आभारप्रदर्शन. मी दिवसभर कटकट करायचो आणि जंगलू ऐकून घ्यायचा. त्याची बायको मुलगी दोन वर्षांची असतानाच गेली होती. मुलगी स्वीटी, कारंज्याजवळच्या खेड्यात, जंगलूच्या बहिणीकडे, रामबाईकडे, वाढत होती.

कृष्णविवराच्या धड्याला मला त्याची मदत लागायची. चार मुलांनी चादर ताणून धरायची आणि जंगलूनं मधोमध गाडीचा जॅक ठेवायचा. चादर खोल दबायची. मग मुलं कडेनं कंचे, म्हणजे गोट्या, सोडायची, ते गरगर फिरत जॅककडे जायचे. मी सांगायचो की जॅक म्हणजे मरून आक्रसलेला प्रचंड तारा. आपल्या आकाशगंगेच्या पोटातही असं एक विवर आहे, लाखो सूर्यांच्या वजनाचं. उद्या सूर्याच्या जागी तेवढ्याच वजनाचं विवर आलं तर पृथ्वी आत ओढली जाणार नाही, फिरतच राहील, फक्त अंधारात आणि गारठ्यात. आणि शेवटी काळ. विवराच्या अगदी जवळ जाऊन कुणी परत आला, तर त्याचं एखादं वर्ष झालेलं असेल आणि घरी पन्नास. मुलं "आँ" करायची. मी घड्याळ बघायचो, जेवणाची वेळ झाली का म्हणून.

जंगलूच्या खिशात एक दोरा असायचा. जून महिन्यात शाळा उघडली की स्वीटीला भिंतीशी उभी करून तो दोऱ्यानं तिची उंची घ्यायचा, खांद्यापाशी एक गाठ, गुडघ्यापाशी एक. ते वर्षातून एकदाच. रामबाई दुसऱ्यांदा मापू देत नसे. "वाढतं लेकरू घडीघडी मापू नाई, वाढ खुंटते," म्हणायची. मग तोच दोरा घेऊन जंगलू दिवाळीचा फ्रॉक शिवून आणायचा. मी त्याला वेड्यात काढायचो. अरे, पोरगी काय दोऱ्यात बांधून ठेवलीय का? तो हसायचा. दोन बोटं जास्त कापड सोडायला सांगितलंय म्हणायचा.

शहाण्णव साली दोन बोटांनी भागलं नाही. पाऊस लांबला, रस्ते तुटले, आम्ही अहेरीकडे अडकलो आणि लक्ष्मीपूजनाच्या दिवशी दुपारी कारंज्याला पोचलो. स्वीटी तेव्हा अकरा वर्षांची. झपाट्यानं वाढायचं ते वय. गुलाबी फ्रॉक डोक्यातून खांद्यावर आला आणि तिथंच अडकला. जंगलू खाली ओढत होता, काखेत शिवण उसवली. पोरीनं तो काढला, नीट घडी करून बापाच्या हातात दिला आणि म्हणाली, "हा तुमच्या दोऱ्यातल्या पोरीले द्या. मी दुसरी हावो."

ती त्याच्याशी भांडली असती तर बरं झालं असतं. तिनं बोलणंच टाकलं. विचारलं तर "हो", "नाई", बस. जंगलूला एकच गोष्ट तिला पटवायची होती, की आपण तिला विसरलो नव्हतो. ती कशी पटवायची, हे त्याला कळेना. गाडी चालवताना मला विचारायचा, "सर, त्या विवरापाशी गेलेल्या माणसाले समजत नाई का, घरी किती टाइम झाला ते?" मी खेकसायचो, नाही समजत, तू समोर बघ. माझीच मला आता लाज वाटते.

नव्व्याण्णव साली गाडी स्वीटीच्याच शाळेत गेली आणि माझा घसा बसला. मी जंगलूला म्हटलं, तू बोल. त्याला तोंडपाठ होतं सगळं. त्यानं जॅक ठेवला, कंचे सोडायला लावले आणि काळापाशी येऊन अडखळला. स्वीटी तिसऱ्या रांगेत होती. तो म्हणाला, "जो जड गोष्टीपाशी जाते ना, त्याले आपलं घड्याळ बरोबरच वाटते. तो काई घरच्यायले भुलत नाई. त्याच्या हिशोबानं तो लवकरच येऊन राह्यला असते." मुलं हसली. स्वीटी खिडकीबाहेर बघत बसली. त्या दिवशी जॅक आणि चादर मीच गाडीत नेऊन ठेवली.

दोन हजार तीनमध्ये गाडी बंद झाली. जंगलू घरी आला तो थकूनच. स्वीटी सावंगीला नर्सिंग शिकत होती, पुढे पुण्याला नोकरीला लागली. दिवाळीत ड्यूटी असायची. एक दिवाळी गेली, दुसरी गेली. फोनवर म्हणायची, येते लवकरच.

दोन हजार आठच्या दिवाळीला ती आली. मीही गेलो होतो, माझं तरी दुसरं कोण आहे? बापासाठी तिनं शर्ट शिवून आणला होता. पुण्याला नोकरीला जाताना त्याचा जुना शर्ट मापाला नेला होता म्हणे. जंगलूनं तो घातला. बाह्या बोटांच्या पुढे गेल्या, खांदे कोपराकडे उतरले. मधल्या वर्षांत माणूस निम्मा झाला होता आणि तिला ठाऊकच नव्हतं. तिचे डोळे भरून आले.

"बाबा, मी तुमचंच माप देल्लं होतं," ती म्हणाली.

"मले मालूम हाये," जंगलू म्हणाला. "तुहं घड्याळ बरोबरच होतं, बाई."

स्वीटीनं फळीवरचं दोऱ्याचं रीळ काढलं आणि त्याला भिंतीशी उभं केलं. रामबाई चुलीपासून ओरडली, "काऊन मापतं वं? म्हाताऱ्या माणसाले मापू नाई."

"मापू दे तिले," जंगलू म्हणाला. "मी काई आता वाढून नाई राह्यलो."

स्वीटीनं त्याच्या खांद्यापाशी दोऱ्याला गाठ मारली.